ड्रायव्हरच्या सांगण्यावरून

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. वीस वर्षं त्यांच्या गाडीवर एकच ड्रायव्हर. मी त्यांना भाऊजी म्हणते. दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. नोकरीत असताना दारूला शिवले नव्हते. रिटायर झाल्यावर मात्र दिवस जाईना, तसे भाऊजींच्या शेतातल्या आखाड्यावर, गुरांच्या छपरापाशी, प्यायला बसायला लागले. आधी फक्त शनिवारी, मग रोज. उन्हं कलली की हे चपला शोधायचे.

खरं सांगायचं तर मला दारूपेक्षा त्या बसण्याचा राग जास्त होता. घरात यांच्या तोंडून दिवसभरात पाच-सहा वाक्यं निघायची. मीठ दे, पंखा लाव, एवढीच. आणि तिकडे दोन-दोन तास!

एकदा लेकीचा फोन आला म्हणून यांना बोलवायला मी आखाड्यावर गेले. कडब्याच्या गंजीआड पोचले तर यांचा आवाज कानी आला. आमचं पहिलं लेकरू नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं, त्याच्याबद्दल हे बोलत होते. त्याची मूठ कशी मिटलेली असायची, ते सांगत होते. अडतीस वर्षांत त्या लेकराचा विषय यांनी माझ्यापुढे एकदाही काढला नव्हता. मी हाकही न मारता माघारी फिरले. पुढे कितीतरी दिवस भाऊजी दिसले की मी वाट बदलायची. एखादी बाई यांच्या आयुष्यात आली असती तर भांडता तरी आलं असतं.

मग एका सकाळी हे न्हाणीत पडले. डोक्याला सहा टाके पडले. हिंगोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, दारू घेता का. हे म्हणाले, कधीमधी. मी मधेच बोलले, "रोज घेतात, डॉक्टर. आन् वरून झोपेची गोळीबी घेतात." यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी चहाडीच केली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. म्हातारपणी अंगातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढीच दारू जास्त चढते. बीपीची आणि झोपेची गोळी तिच्यासोबत गेली तर चक्कर येते, तोल जातो, कधी श्वासही मंद होतो. यांनी सगळं ऐकून मान हलवली आणि टाके सुकायच्या आत परत आखाडा गाठला. मी रडले, जेवण सोडलं, लेकीला फोनवर समजवायला लावलं. काही फरक पडला नाही.

शेवटी मीच भाऊजींच्या दारात गेले. मनात होतं की हा माणूस खजील झालेला पाहावा. यांच्या गोळ्यांची पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवून मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पिशवीतलं एकेक पाकीट काढून पाहिलं.

"वहिनी, मला यातलं त्यांनी काहीच सांगितलं न्हाई," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी यांना सांगून टाकलं, "मी आजपासून सोडली. तुमाला प्यायची तर एकट्यानं प्या." हे तसेच परत आले आणि त्या दिवसापासून प्याले नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी किती वर्षं सांगून राहिले होते, आणि भाऊजींचं एक वाक्य पुरलं! त्या रात्रीची भाकरी मला गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊजींचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, ते भलतंच बोलायला लागले. दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर रागावले. रोज पिणाऱ्यानं, त्यातून या वयात, कुणाला न विचारता एकदम सोडायची नसते. औषधं देऊन सोडवावी लागते. यांनाही लगेच तपासून गोळ्या सुरू केल्या. भाऊजी चार दिवस भरती होते. हे त्यांना चमच्यानं वरण-भात भरवायचे. मी डबा घेऊन दारात उभी राहायची आणि आठवायची, माझ्या ऑपरेशनच्या वेळी यांनी मला पाणी तरी पाजलं होतं का.

आता दोघं आमच्या अंगणात बसतात. चहा पितात, शेंगा फोडतात. मी पण तिथंच खुर्ची टाकून बसते. सुरुवातीला मी आले की ते गप्प व्हायचे. मी उठले नाही.

एक दिवस हे आत गेलेले पाहून मी भाऊजींना सांगून टाकलं, की इतकी वर्षं माझा तुमच्यावर जीव जळत होता.

ते हसले नाहीत. म्हणाले, "मला ठाऊक हाय. आमची घरची बी तुमच्या मालकावर तशीच जळून राहिली."

असं काही माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या बायकोकडे गेले. तिनं पाणी दिलं, मग कितीतरी वेळ आम्ही दोघी बोलत बसलो.