ज्यांना आम्ही लोकल म्हणायचो

सोपानआप्पा गेल्याची बातमी मला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. रविवारची सकाळ होती. ‘एक लोकल एक्स्पायर झालाय. गेट दोनसमोर गर्दी होईल, सर्वांनी गेट एकमधून गाड्या काढाव्यात.’ खाली पटापट अंगठे उमटले. मुलांच्या स्केटिंगच्या क्लासपर्यंत रस्ता मोकळा होईल ना, असं एका बाईंनी विचारलं होतं. कोण गेलं, हे कुणीच विचारलं नव्हतं. मी गॅलरीत गेलो. तिथून रस्त्यापलीकडचं आप्पांचं घर दिसतं. अंगणात पांढऱ्या टोप्या जमल्या होत्या आणि दोन माणसं बांबू तोडत होती. मला राग आला. पण तो राग कुणावर काढावा हे कळेना, कारण त्या ग्रुपवर हा शब्द वापरणाऱ्या पहिल्या लोकांत मीही होतो. सोसायटी ताब्यात आल्यापासून बरीच वर्षं मी तिचा सेक्रेटरी होतो. ‘लोकल लोकांशी परस्पर बोलू नये, कमिटीला कळवावे’ असे मेसेज मीच टाकलेले आहेत.

मी मूळचा परभणीकडचा. नोकरीसाठी हिंजवडीत आलो, आणि शेजारच्या नेरे गावात इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा इथे घर घेतलं. घर दाखवणारा एजंट म्हणाला होता, “बाकी काही टेन्शन नाही साहेब. फक्त लोकलच्या नादी लागायचं नाही.” आमच्याकडे हा शब्द माणसाला कुणी लावत नसे. वॉरंटी नसलेल्या पंख्याला दुकानदार लोकल म्हणायचा, तेवढीच ओळख. मग कंपनीच्या कॅबमध्ये, कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये तो कानावर पडत गेला. ड्रायव्हर लोकल आहे, जपून बोल. धडक देणारा लोकल होता, सोडून दे. त्याचा अर्थ ‘इथला माणूस’ असा नाही, हे समजायला मला वेळ लागला. आमच्या मजल्यावरचे गृहस्थ पुण्यात जन्मले, पुण्यातच वाढले. ते लोकल नव्हते. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई नेऱ्याच्याच. त्या मावशी होत्या, लोकल नव्हत्या. गावातला झेडपीचा शिक्षकही नव्हता. ज्या माणसाची इथे एकेकाळी जमीन होती आणि जो आम्हाला घाबरत नव्हता, तो लोकल. आवाज चढवला की माणूस लोकल व्हायचा. आणि आप्पांचा आवाज जन्मापासून चढलेलाच होता.

ते भले, साधे वगैरे होते असं मी लिहिणार नाही. ते स्वतःच हसले असते. आप्पा तोंडाने फटकळ होते. वॉचमनला येता-जाता शिव्या द्यायचे, शेणाचा उकिरडा मुद्दाम आमच्या भिंतीला लागून घालायचे. आमची त्यांची पहिली भेट माझ्याच घरात झाली. ताबा मिळायच्या आधी मी भिंती बघायला आलो होतो, तर हे बेडरूमच्या मधोमध उभे. “ही तुमची खोली व्हय? बरुबर खाली माझं भाताचं खाचर व्हतं. लई पानी धरायचं. पाय वलं झालं तर मला सांगाया यिऊ नका.” आम्हाला ते ‘आलेले’ म्हणायचे. आलेल्यांनी हितं गाड्या लावू नये, आलेल्यांची कुत्री आवरा. जत्रेला लाउडस्पीकरची तोंडं आमच्या इमारतीकडे होती म्हणून मी तक्रार करायला गेलो, तर म्हणाले, “तुमाला ऐकू यावं म्हनूनच तिकडं केल्यात. गावाला पाठ हाय.”

तरीही संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. कासारसाईच्या रस्त्याला फिरायला निघालो की ते ओट्यावरून हाक मारायचे, “ओ सेक्रेटरी, पोट कमी व्हनार न्हाई त्यानं, या च्या घ्या.” बोलणं कमी, टोमणे जास्त. एकदा त्यांनी विचारलं, “गावाकडं जमीन हाय का तुमची?”

“आहे. भाऊ बघतो.”

“मग तितं तुमी लोकल का?”

मी म्हटलं, तिथे मी गेलो की पुण्याचे साहेब आले म्हणतात.

“म्हंजी कुटलंच न्हाई,” असं म्हणून त्यांनी बशीतला चहा संपवला.

आणखी एकदा म्हणाले, “ते लोकल लोकल करत्यात तुमची मान्सं मला बघून, ते काय असतंय?” मी म्हणालो, काही नाही, इथले रहिवासी. “तुमी न्हाई ऱ्हात हितं? बोलताना त्यांची त्वांडं बघा सेक्रेटरी. शब्द कळाया लागत न्हाई, त्वांड कळतंय.”

आमच्यातलं खरं भांडण मात्र विसाव्यावरून झालं. गावठाणातून ओढ्याकाठच्या स्मशानाकडे जाणारी जुनी गाडीवाट आमच्या गेट दोनवरून जाते. तिथे वाटेच्या कडेला एक काळा, पसरट दगड होता, अर्धा जमिनीत रुतलेला; तोच विसावा. गावात कुणी गेलं की तिरडी तिथे खाली ठेवायची, मूठभर तांदूळ टाकायचे, पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे व्हायचे, दमलेल्यांच्या जागी दुसरे यायचे, आणि मग पुढची वाट. नकाशात तो दगड आमच्या हद्दीत आला. जमीन देताना आप्पांनी बिल्डरकडून तोंडी शब्द घेतला होता की त्याला हात लागणार नाही. बिल्डर गेला, सोसायटी आमच्या ताब्यात आली, आणि शाळेची बस थांबते त्याच जागी प्रेत ठेवतात म्हणून तक्रारी सुरू झाल्या. एका मुलीने घरी जाऊन विचारलं, त्या काकांना रस्त्यावर का झोपवलंय? तिच्या आईने ग्रुपवर लिहिलं की हा लोकल इश्यू कायमचा सोडवा. तो सोडवायला माझ्यासारखा समजूतदार माणूस होताच.

मी काढलेला तोडगा सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल. सोसायटीच्या खर्चाने, भिंतीच्या पार टोकाला, मी एक नवा विसावा बांधून घेतला. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचा कठडा, कडेला शोभेची झाडं. वर पाटी लावली: विसावा, आणि खाली आमच्या सोसायटीचं सौजन्य. जुन्या जागी सिक्युरिटीची केबिन येणार होती. मला वाटलं होतं, दोन्हीकडची मंडळी माझे आभार मानतील. आप्पांना हौसेने दाखवायला नेलं. त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. “गुळगुळीत हाय,” म्हणाले. मग वळून जुन्या जागेकडे बघितलं. “सेक्रेटरी, माझी आई तितं ठिवली, बाप तितं ठिवला. त्यांच्या आदीची किती, देवाला ठावं. पुढं जानाऱ्यानं तितंच टेकायचं असतंय. हितं कोन टेकलंय आजपातूर?” मी त्यांना अंतर किती थोडं आहे ते सांगू लागलो. ते म्हणाले, “तुमी आईबाप बदलून घेता का, जवळचं मिळालं तर?”

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा संदीप याने त्याचा जेसीबी गेट दोनसमोर आडवा लावला. गेट एकवर गाड्यांची रांग लागली, माणसांना कामाला जायला उशीर झाला. मी पोलिसांना फोन केला, लोकल लोक त्रास देतायत म्हणून. हवालदार आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मीबी पौडचाच हाय सायेब, लोकलच की. बोला आता.” जेसीबी संध्याकाळी हलला. केबिन त्या आठवड्यात झाली. दगड उपटून काढायला गवंड्याने नकार दिला, तेव्हा ठेकेदाराने त्याच्यावरच पेव्हिंग ब्लॉक अंथरले आणि वर पत्र्याची हलकी केबिन ठेवली.

नव्या ओट्यावर गावाने एकही तिरडी ठेवली नाही. आमचीच माणसं संध्याकाळी तिथे बसून फोनवर बोलायची, पोरं पिझ्झा खायची. तो कशासाठी आहे हे कळल्यावर ओरड झाली आणि पाटी काढून टाकली. मग तो नुसता बाक झाला. आप्पा जाता-येता तिथे बसलेल्यांकडे बघून म्हणायचे, “बसा, बसा. घाई न्हाई.” लोकांना वाटायचं, म्हातारा बरा बोलायला लागला.

काही महिने आमचं बोलणं बंद होतं. मग आप्पा आजारी पडले आणि मी भेटायला गेलो. खाटेवर उशीला टेकून बसले होते, हात बारीक झाले होते, आवाज तेवढाच होता. त्यांच्या पत्नी शेवंताकाकू चहा ठेवून आत गेल्यावर म्हणाले, “एक काम सांगतो. भांडान नको आता. माझ्या वक्ताला ती वाचमनची खोली तेवडी बाजूला घ्या. पाच मिंटं खाली ठिवतील, मग लावा परत. तुमी सेक्रेटरी हाय तवर व्हईल, म्हनून सांगतोय.” मी म्हणालो, “बघतो. मीटिंगमध्ये मांडतो.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. “मांडा.”

मी मांडलं नाही. त्या मीटिंगला लिफ्टचा विषय लांबला, पुढच्या मीटिंगला निवडणूक होती, आणि मग मी पदावर राहिलो नाही. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की ती आता खरी वाटतात. खरं एवढंच आहे की हात वर करून ‘एका लोकल माणसासाठी केबिन हलवू या’ असं म्हणायची मला लाज वाटली. लोक काय म्हणतील, सेक्रेटरी फुटला...

त्या रविवारी मी खाली धावलो. वॉचमनला बाहेर काढलं, त्याची खुर्ची, टेबल, पंखा ओढून रस्त्यावर आणले. केबिन चार माणसांनी हलली असती, पण मी एकटा होतो. वॉचमन, ओडिशाचा मुलगा, घाबरून म्हणत होता, “सर, सुपरवाइजर डाँटेगा.” तेवढ्यात अंत्ययात्रा आलीच. पुढे मडकं घेतलेला संदीप. मी मध्ये गेलो आणि म्हणालो, “संदीप, जरा थांबा. आप्पांनी सांगितलं होतं. इथं ठेवा, आपण केबिन...”

“काका, बाजूला व्हा.” त्याने आवाज चढवला नाही.

मागून एक म्हातारा म्हणाला, “कुटं ठिवायचं? खुर्चीखाली?”

ते पुढे गेले. केबिनपाशी कुणाचं पाऊल हळू झालं नाही. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर तिरडीच्या डाव्या बाजूचा तरुण न बघताच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या, आमी हाय.” मी मागून चालत राहिलो. बाजूने मोकळ्या खांद्याने कितीतरी माणसं चालत होती, पण कुणी त्या चौघांची जागा घेईना. मला वाटलं, भांबावले असतील. शेजारी चालणाऱ्या एकाला हळूच विचारलं. तो म्हणाला, “इसावा झाल्याबिगर खांदा बदलत न्हाईत.” घरातून ज्या चौघांनी उचललं होतं, त्याच चौघांनी आप्पांना ओढ्यापर्यंत नेलं. खाली ठेवलं तेव्हा त्यांचे सदरे घामाने पाठीला चिकटले होते आणि त्या डाव्या बाजूच्या तरुणाचा खांदा बांबूने सोलवटला होता. त्याने तो माझ्या देखत पाण्याने धुतला. माझ्याकडे बघितलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी नव्या कमिटीकडे वेळ मागितली. क्लब हाउसमध्ये सगळे जमले होते. मी म्हणालो, केबिन दुसरीकडे न्यावी, ब्लॉक उचलून दगड मोकळा करावा, सोपानआप्पांची तशी इच्छा होती. नव्या सेक्रेटरीबाई फार सभ्य आहेत. त्यांनी अदबीने विचारलं, “सर, सोपानआप्पा म्हणजे कोण? कुठल्या विंगमध्ये असतात?” मी सांगितलं, ज्यांच्या शेतावर आपली ही इमारत उभी आहे ते. कुणाला काही लक्षात येईना. पांढरी टोपी घालायचे, म्हटलं. वॉचमनशी भांडायचे. समोरच्या कौलारू घरात राहायचे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणखी काय सांगावं मला सुचेना, आणि मग माझ्याच तोंडून गेलं, “ते हो, गेटसमोरचे... लोकल.”

“अच्छा, तो,” तीन-चार जण एकदम म्हणाले. सगळ्यांना लगेच कळलं.

“पण ते वारले ना?” एकाने विचारलं.

मी हो म्हटलं.

“मग इश्यूच संपला की,” तो म्हणाला, आणि पार्किंगचा विषय निघाला.

मी उठून खाली आलो. ओडिशाचा तो मुलगा केबिनमध्ये बसला होता. त्याच्या खुर्चीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. मी विचारलं, हे काय? म्हणाला, “सर, यहाँ ज़मीन बराबर नहीं बैठती. ब्लॉक ऊपर आ जाता है. नीचे कुछ है.” ठेकेदाराने दोनदा बसवून दिलं, तरी पावसाळा झाला की तेवढाच भाग वर येतो म्हणे. आधी माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तुम्ही कमिटीत होतात, खालचं ते काढून टाकायला लावा, असं तो मला सांगत होता.

मी खाली वाकलो आणि तो पुठ्ठा काढून घेतला. आता तो मुलगा बसला की खुर्ची डुगडुगते. मी रोज संध्याकाळी फिरायला निघताना तिथे थांबतो, ती डुगडुगताना बघतो, आणि मग पुढे जातो.