एकाच बाजूची साक्ष

आमच्या काकांनी पुरावा न मागता कशावर विश्वास ठेवला असेल, तर तो फक्त सूर्य उद्या उगवेल यावर. आणि त्याबद्दलही ते "आजवर तरी उगवलाय" एवढंच कबूल करत. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धारवाडच्या कोर्टात वकिली आणि राहायला नवनगरात. दारावर आलेली भाजीवाली वांगी ताजी आहेत म्हणाली, की हे तिला कन्नडमध्ये विचारणार, "साक्षी एल्लैती?" साक्ष कुठंय! ती बिचारी वांगं मोडून दाखवायची. मग काका गंभीरपणे मान हलवून पाव किलो घ्यायचे, आणि मोडलेलं वांगंही त्यातच घालून घ्यायचे.

पण माणूस हट्टी नव्हता, हे आधी सांगायला हवं. पटलं की चारचौघांत मान तुकवायला त्यांना मुळीच लाज वाटत नसे. समोरच्या वकिलाचा मुद्दा बिनतोड निघाला तर हे भर कोर्टात "वा!" म्हणून जात आणि त्यांच्या स्वतःच्याच अशिलाचा चेहरा पांढरा पडे. धारवाडात प्रत्येक घराचा एक पेढेवाला ठरलेला असतो आणि त्यावर वाद घालायचा नसतो. काकांच्या घराचाही त्यांच्या वडिलांपासून ठरलेला होता. एका दिवाळीत त्यांनी मावशीला तीन दुकानांचे पेढे तीन वाट्यांत घालायला लावले, स्वतःच्या डोळ्यांवर पंचा बांधला, आणि चाखून जो सर्वांत चांगला म्हणून सांगितला तो भलत्याच दुकानाचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून काकांनी दुकान बदललं. नातेवाइकांनी धर्म बदलल्यासारखी त्यांची समजूत घातली, पण काही उपयोग झाला नाही. रात्री दही खाल्लं की सर्दी होते, हे कुणीतरी म्हणाल्यावर त्यांनी पावसाळाभर रोज रात्री दही खाल्लं. सर्दी झालीच. "पण ती दह्यानंच झाली कशावरून?" असं म्हणून तुलनेसाठी त्यांनी मावशीचं दही बंद केलं. तिला दही जीव की प्राण. तिलाही सर्दी झाली, काकांचीच लागून. हे झेंगट कसं सोडवायचं, यावर काका आठवडाभर विचार करत होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या लग्नाचं निघालं. मुलगा गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, राहायला जुन्या हुबळीत. आम्ही दोघं दोनदा भेटलो होतो आणि तो मला मनापासून आवडला होता. पत्रिका मात्र जुळेना. जोशीबुवा म्हणाले, एकनाड आहे, करू नका. झालं! माझ्या वडिलांनी, आमच्या अप्पांनी, विषय मिटवून टाकला. मी रडले. अप्पांसमोर बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, म्हणून मागच्या खोलीत रडले. ही बातमी नवनगरात पोचली आणि काका इरेला पेटले.

"पत्रिका खोटी असं मी म्हणत नाही, अप्पा," ते आमच्याकडे येऊन म्हणाले. "खरी निघाली तर मी स्वतः जोशीबुवांच्या पाया पडेन. पण तपासायला नको काय? मला एक महिना द्या, आणि तोवर मुलाकडं नकार कळवू नका."

अप्पांनी नाइलाजानं कबूल केलं. तो महिना नवनगर विसरणार नाही. कोर्टातून आले की काका छत्री घेऊन बाहेर पडत आणि घरोघर जाऊन दोनच प्रश्न विचारत: लग्नात पत्रिका जुळली होती का, आणि संसार सुखाचा झाला का? पहिल्याचं उत्तर लोक लगेच देत. दुसऱ्याच्या उत्तराऐवजी चहा येई. एका तहसीलदारांनी तर हा प्रश्न सरकारकडून आहे की खासगी, असं विचारून घेतलं आणि मगच "सुखाचा" म्हणाले. बाजारात काका दिसले की लोक रस्ता ओलांडून पलीकडं जाऊ लागले. काकांनी त्यांनाही गाठलं.

महिना संपल्यावर आम्ही सगळे त्यांच्याकडं जमलो. काका उभे राहिले, घसा खाकरला आणि कोर्टात बोलतात तसं बोलू लागले. "पत्रिका जुळलेले म्हणतात आम्ही सुखी. न जुळलेले पण म्हणतात आम्ही सुखी. मग पत्रिकेनं फरक काय पडला?"

माझ्या जिवात जीव आला. पण अप्पाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "वकीलसाहेब, तुमचे किती गुण जुळले होते?"

"बत्तीस."

"आणि संसार?"

खोटं बोलणं काकांच्या स्वभावातच नव्हतं. "उत्तम झाला," ते म्हणाले. "हा मुद्दा तुमच्या बाजूचा. मी नाकारत नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मावशी म्हणाली, "उत्तम झाला म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. मावशी आवाज चढवणारी नव्हतीच. "एवढं सगळं नवनगर फिरून आलात. एका तरी बाईला विचारलात काय? सगळ्या गडीमाणसांची साक्ष घेतली आणि निकाल लावून मोकळे. अळणावर गावच्या शाळेत मला मास्तरकी लागली होती. तुम्ही गाडीचं वेळापत्रक आणलं, जाण्यायेण्याचा हिशेब मांडला आणि जमत नाही म्हणून सिद्ध केलं. खरंच होतं ते सगळं. पण जायचं आहे काय, म्हणून विचारलं नाहीत मला. मी मनात किती वर्षं रडले, ते कुठं मांडलंय तुम्ही?"

काका खाली बसले. आता ते चिडतील असं मला वाटलं. पण ते अगदी हळू म्हणाले, "हिचं बरोबर आहे. माझं उदाहरण कुणाच्याच बाजूनं धरू नका. आणि माझी चौकशी पण रद्द. एकाच बाजूची साक्ष आहे ती." पत्रिकेच्या बाजूनं काही उरलं नाही आणि विरुद्धही उरलं नाही.

"मग आता पोरीलाच विचारा की," मावशी म्हणाली. "तिला तरी कुठं विचारलंय कुणी?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच बोलले. "मला हाच मुलगा पाहिजे, अप्पा. पुढं जे होईल ते माझं." अप्पांनी "मुलाच्या घरच्यांना बोलवा" म्हणून चष्मा पुसायला घेतला.

लग्न झालं. मावशीनं बाहेरच्या खोलीत मुलांची शिकवणी सुरू केली, आणि काकांचे अशील व्हरांड्यात बसू लागले. काका दर पाडव्याला मावशीला विचारत, "आता कसं चाललंय?" ती म्हणे, "बघू." ते उत्तर काका निमूटपणे घेत आणि पुढच्या पाडव्याची वाट बघत.

मावशी गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी नवनगरला गेले होते. काका खूप वाळले होते. मला म्हणाले, "शेवटच्या पाडव्याला विचारलं, तेव्हा म्हणाली, आता बरं चाललंय. आधीच्याबद्दल ती काही बोलली नाही, ते बरोबरच. पण 'आता बरं' म्हणाली." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग सावरून त्यांनी विचारलं, "तुझं कसं?"

"छान आहे, काका."

"जावईबापू पण असंच म्हणतात काय?"

इतक्या वर्षांत मी नवऱ्याला हे कधी विचारलंच नव्हतं. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारलं. तो हातातला पेपर खाली ठेवून म्हणाला, "थांब, नीट विचार करून सांगतो." आणि जेवणं झाल्यावर त्यानं खरोखरच सांगितलं; दोन गोष्टी मला आवडल्या नाहीत, बाकीच्या ऐकून मी त्याचा हात धरला. हे काकांना जाऊन सांगायचं ठरवलं होतं. त्याआधीच ते गेले.