निघालेला डेल्मर

माझा दीर डेल्मर गेली पन्नास वर्षं आमचं गाव सोडून निघालेला आहे. पोस्टात गेला की अजून कुणी ना कुणी त्याला विचारतंच, "काय डेल्मर, अजून इथेच?" तोही टोपी मागे सरकवून म्हणतो, "वारा पडला की निघतो." आमच्या ह्या दक्षिण डाकोटाच्या पश्चिम टोकाला वारा पडत नाही.

सगळं त्या टीव्हीने केलं. १९६९ सालचा हिवाळा होता. गावात टीव्ही बऱ्याच घरांत होते, पण चित्र दिसायचं ते आमच्याकडे, कारण माझा नवरा हार्लन बर्फातसुद्धा छपरावर चढून अँटेना फिरवायचा. तो वरून ओरडायचा, "आलं का?" आम्ही खालून ओरडायचो, "आलं! गेलं! आता हलू नकोस!" बिचारा कितीदा तरी कार्यक्रम अर्धा होईपर्यंत वरच बसलेला असायचा.

डेल्मर हार्लनचा धाकटा भाऊ. हार्डवेअरच्या दुकानात कामाला होता आणि दुकानामागच्या खोलीत एकटाच राहायचा. पंप म्हणा, कुलूप म्हणा, कपडे धुण्याचं यंत्र म्हणा, त्याने हात लावला की मुकाट्याने चालायला लागायचं. बुधवारी संध्याकाळी तो आमच्याकडे यायचा, दारात बूट काढायचा आणि टीव्हीपुढे असा बसायचा की चर्चमध्येसुद्धा कधी तसा बसला नाही.

कार्यक्रम होता एका मोटारसायकलवाल्याचा. शहरातली नोकरी सोडून, मागच्या सीटवर वळकटी बांधून हा तरुण फिरत सुटलेला. दर आठवड्याला नवं गाव. कुठे बापलेकांचं भांडण, कुठे विधवेचं शेत बुडायला आलेलं. हा दोन दिवस राहणार, चार वाक्यं बोलणार, सगळ्यांचं भलं करणार आणि निघणार. शेवटी कुंपणापाशी एक मुलगी उभी, पुढे धूळ, आणि मागे गिटार.

मी आठवीपर्यंत शिकलेली बाई. मला त्यातलं गूढ काही कळायचं नाही, म्हणून आपलं साधंच विचारायची.

"डेल्मर, ह्याचे कपडे कोण धुतं रे?"

"वहिनी, शूः!"

"नाही, विचारते आपलं. मागच्या बुधवारी चिखलात लोळला होता. आज बघ, कसा पांढराशुभ्र."

"वहिनी, तो मोकळा माणूस आहे. मोकळ्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत."

"मोकळ्या माणसाला मोजेसुद्धा नसतात वाटतं," मी म्हणायची, कारण डेल्मरच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला असायचा आणि ते मोजे शिवायला माझ्याकडेच यायचे.

एक हिवाळा झाला आणि कार्यक्रम बंद पडला. पाहणारे कमी पडले म्हणे. आमच्या घरात एक जण दहा जणांच्या वाटचं पाहत होता, पण त्याला कुणी मोजलं नसावं. डेल्मर दोन-तीन बुधवार तरीही आला. बंद टीव्हीपुढे बसून कॉफी प्यायला आणि गेला. घरात कुणी वारल्यासारखं आम्ही त्याच्याशी हळू आवाजात बोलत होतो.

मग एक दिवस तो मोटारसायकल घेऊन आला. घेऊन म्हणजे ढकलत. एंगब्रेटसनबाईंच्या खुराड्यात ती कित्येक वर्षं पडून होती. खरं तर त्याने ती महिनाभर आधीच घेतली होती, पण सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत गाडी हलवायची नाही, अशी बाईंची अट होती. डेल्मर थांबला. तो टीव्हीवाला कोंबडीसाठी थांबला असता का, असं मी विचारून पाहिलं.

त्याने गाडी उघडली, घासली, जोडली. मे महिन्यात ती चालू झाली तेव्हा गावातली सगळी कुत्री एकदम भुंकली. डेल्मरने माझ्या स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं, "वहिनी, जूनमध्ये निघतो. समुद्रापर्यंत जाणार. पुढचं पुढे."

"आणि लव्हॉन?"

"लव्हॉनचं काय?"

"मी तेच विचारतेय."

त्याने टोपी काढली, आत काही लिहिलंय का ते बघितलं आणि परत घातली.

लव्हॉन म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे काम करणारी मुलगी. अडलेल्या गाईला धरून ठेवायची ताकद, आणि स्वभाव असा की गाय पण ऐकायची. दोन वर्षं दर शनिवारी डेल्मर तिच्याबरोबर नाचायला जात होता. सगळ्या गावाने त्यांचं लग्न लावून टाकलं होतं, फक्त डेल्मरने तिला विचारायचं राहिलं होतं. आणि आता तो न विचारताच चालला होता. लव्हॉन दुकानात भेटली तेव्हा मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "त्याला जायचंय ना? मग जाऊ दे. कुंपणाला बांधून ठेवलेला घोडा मला नको." एवढं बोलून तिने एकाच्या जागी तीन पोती मीठ उचललं आणि पैसे न देताच निघाली. दुकानदार शहाणा, त्याने हाक मारली नाही.

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी मेलं, जन्मलं, लग्न केलं किंवा गाव सोडून निघालं, की चर्चच्या तळघरात जेवण व्हायलाच हवं. प्रत्येक घरातून एक भांडं येतं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आपलं नाव लिहायचं. जेवण उरतं, कारण ते उरेल एवढंच करायचं असतं. आणि उरलेलं सगळं, भांड्यांसकट, ज्याच्यासाठी जेवण आहे त्याच्या घरी जातं. त्याने ते खायचं आणि भांडी घासून ज्याची त्याला परत करायची. दुसऱ्याचं भांडं ठेवून घेणारा माणूस आमच्या गावात अजून झालेला नाही. एकाच्या बाबतीत संशय होता, पण ते दुसऱ्या गावचे निघाले.

एंगब्रेटसनबाई चर्चच्या बायकांच्या मुख्य. त्यांनी डेल्मरला जेवण जाहीर केलं. मोटारसायकलवर दोन पिशव्या घेऊन निघणाऱ्या माणसाला एवढी भांडी द्यायची नसतात, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्यापण नाही. मी स्वतः मोठ्या पातेल्यात बीन्स नेले. बटाटे, हॅम, मॅकरोनी, तीन रंगांची जेली. रात्री हार्लनने ते सगळं ट्रकने डेल्मरच्या खोलीवर पोचवलं, तर पलंगावरसुद्धा भांडी ठेवावी लागली. मोकळा माणूस त्या रात्री खुर्चीत झोपला.

सकाळी तो आमच्या दारात. "वहिनी, निघायचं दोन दिवस पुढे ढकललं. भांडी परत करून टाकतो."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

त्याने जेवढं खाता येईल तेवढं खाल्लं, बाकीचं शेजारच्यांना खायला लावलं, भांडी घासली आणि मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधून निघाला. पहिलं घर एंगब्रेटसनबाईंचं. भांडं रिकामं परत करायचं आमच्याकडे बरं दिसत नाही, आणि डेल्मरकडे भांड्यात घालायला होतं काय? म्हणून त्याने त्यांच्या जाळीच्या दाराची बिजागरी नीट करून दिली. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला कॉफी पाजली, आणि निघताना हातात रुबार्बच्या आंबट देठांची गरम, गोड पाई ठेवली. अर्थातच भांड्यात.

"अहो बाई, आता हे भांडं..."

"सावकाश दे रे. तुला कुठे घाई आहे?"

दुसऱ्या घरी, ओल्सनांकडे, पवनचक्कीचा पंप दुरुस्त झाला आणि कोबीचं सॅलड मिळालं. तिसऱ्या घरी म्हाताऱ्या जुळ्या भावांनी दोन वर्षं एकमेकांशी अबोला धरला होता. त्यांचा सामाईक ट्रॅक्टर सुरू करायला दोघांना एकाच वेळी दोन बाजूंनी ढकलायला लावून डेल्मरने त्यांना बोलतं केलं. पहिले शब्द शिव्या होत्या, पण बोलले. तिथून सॉसेज मिळाले, वाडगाभर.

जून गेला, जुलै गेला. गहू कापून झाला. आमच्या त्या तालुक्याएवढ्या मुलखात तुम्ही कुठेही असा, धुळीचा लोट उठला आणि काचेच्या भांड्यांचा खणखणाट ऐकू आला की समजायचं, निघालेला डेल्मर येतोय. हार्लन म्हणाला, "ह्याने हिवाळ्यापूर्वी समुद्र गाठला नाही तर समुद्रच इकडे येईल." मी हार्लनला म्हटलं, "तुला दिसत नाही का? तो टीव्हीवाला करत होता तेच तर हा करतोय. फक्त ह्याला परत यावं लागतं."

सप्टेंबरच्या शेवटी सकाळी गवतावर गोठलेलं दव पांढरं दिसायला लागलं. पहिला बर्फ पडला की मोटारसायकल वसंतापर्यंत अडकणार. डेल्मर एका दुपारी आला. हातात एकच चौकोनी काचेचं भांडं.

"वहिनी, एवढं शेवटचं. बाकी सगळी पोचली, आणि ह्या वेळी कुणाकडूनही काही घेतलं नाही. पळालो अक्षरशः. पण ह्याच्या बुडाला नाव नाही. नाव नसलेलं भांडं कुणी पाठवतं का?"

मी भांडं हातात घेतलं. चिकटपट्टी नव्हतीच. "त्या जेवणातलं?"

"त्याच जेवणातलं. मॅकरोनी होती ह्यात."

मी कोपरे बघितले. एका कोपऱ्यात काळा डाग, घासून घासून काचेत मुरलेला. "खालून करपली होती?"

डेल्मरच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं. "करपलेलीच छान लागते. पहिली तीच खाल्ली मी."

"बरं. कुणाकुणाला विचारलंस?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"घरोघर फिरलो, वहिनी."

"एकही घर सोडलं नाहीस?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे कधीच नसतं. जूनपासून हा माणूस गावाच्या प्रत्येक दारात उभा राहिला होता, आणि एक दार टाळण्यासाठी कुरणाला वळसा घालून जात होता. हे साऱ्या गावाला माहीत होतं. एंगब्रेटसनबाईंनी तर त्याचा वळसा पाहून घड्याळ लावायला सुरुवात केली होती.

मी भांडं त्याच्या हातात परत दिलं. "ह्या गावात दर वेळी मॅकरोनी करपवणारी एकच मुलगी आहे, डेल्मर. आता समुद्राकडे तोंड करून जा, नाहीतर तिच्याकडे. पण दुसऱ्याचं भांडं घेऊन गावाबाहेर जायचं नाही."

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. मी लव्हॉनचं खरं धरते.

ती गोठ्यात होती. हा दारात उभा राहिला, भांडं छातीशी धरून. म्हणाला, "तुझं आहे का?"

"आहे."

"नाव नाही ह्यावर."

"मीच काढलं."

"का?"

"म्हणजे तुला ते परत करायला यावं लागू नये," लव्हॉन म्हणाली. "बाकीच्यांनी तुला अडकवून ठेवलं असतं. म्हटलं, आपण तरी अडकवायला नको. गाडीला बांध, नाहीतर वाटेत कुठे टाकून दे. माझं काही म्हणणं नव्हतं."

डेल्मर म्हणतो, तेव्हा त्याने फार सुंदर भाषण केलं. लव्हॉन म्हणते, तो बराच वेळ गाईकडे बघत होता आणि मग म्हणाला, "रिकामं भांडं परत आणलंय. वाईट दिसतं. तुझ्याकडे मोडलेलं काही आहे का?"

"मोडलेलं?" ती म्हणाली. "जूनपासून आहे."

मग तो खाली बसला, तिथेच, गवतावर. म्हणाला, "माझ्याबरोबर समुद्रापर्यंत येतेस?"

"इतके महिने मागच्या सीटवर जगाची भांडी फिरवलीस. तिथे माणसाला बसायला जागा आहे का?"

"दोरी सोडली की आहे," डेल्मर म्हणाला. चार वाक्यं बोलायला त्याला पूर्ण उन्हाळा लागला, पण बोलला एकदाचा.

ऑक्टोबरमध्ये लग्न झालं, आणि वसंतात दोघं त्या मोटारसायकलवरून समुद्रापर्यंत गेली. निघण्यापूर्वी लव्हॉनने एंगब्रेटसनबाईंना निक्षून सांगितलं, ह्या वेळी जेवण कागदी ताटल्यांत. डेल्मर समुद्रापुढे थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मोठा आहे." थोड्या वेळाने म्हणाला, "ओल्सनांच्या पंपाचं वॉशर बदलायचं राहिलंय." आणि दोघं परतली.

आता हार्लन नाही. मोटारसायकल परत खुराड्यात आहे, ह्या वेळी डेल्मरच्या स्वतःच्या. कोंबड्यांनी ती आनंदाने स्वीकारली आहे. मागच्या नाताळात त्याच्या मुलीने कुठून तरी त्या जुन्या कार्यक्रमाचे सगळे भाग मिळवून आणले. आता बुधवारी मी त्यांच्याकडे जाते. कुणाला छपरावर चढावं लागत नाही, चित्र इतकं स्वच्छ की त्या टीव्हीवाल्याच्या शर्टाच्या इस्त्रीची घडीसुद्धा दिसते. मी ती दाखवली. डेल्मर म्हणाला, "वहिनी, शूः!" ऐंशी वर्षांचा झाला, तरी तस्साच पुढे वाकून बसतो, ओठ थोडे उघडे, आणि लव्हॉन त्याच्या मांडीवर पाय टाकून विणत असते.

परवाच्या भागात एक विधवा त्या पोराला निघताना काहीतरी खायला देते, निळ्या कपड्यात गुंडाळून. तो वळकटीवर बांधतो. गिटार सुरू होते. ती कुंपणापाशी उभी. धूळ. हाच तो भाग, जो पाहून डेल्मर एके काळी आठवडाभर भारावल्यासारखा फिरत होता.

आणि डेल्मर एकदम खुर्चीतून अर्धा उठला.

"अरे! अरे, थांब!"

"काय झालं?" लव्हॉनने विचारलं.

"कपड्याच्या आत बघ. काठ दिसतोय. भांडं आहे ते! घेऊन चाललाय तो!"

"बाबा रे, पुढच्या आठवड्यात परत देईल," मी म्हटलं.

"कुठलं देतोय! पुढच्या आठवड्यात तो ॲरिझोनात असतो," डेल्मर म्हणाला, आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्या माणसाकडे अशा नजरेने बघत राहिला, की मला त्या पोराची दयाच आली.