घोंगडीतलं उलटं गाव

आधीच सांगते, म्हणजे नंतर मला पत्रं लिहिण्याचा तुमचा त्रास वाचेल — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं म्हणत नाही, 'नाही' म्हणतेय. या सदरात आजवर पांढऱ्या साडीतल्या बायका, वडाखालून येणारी हाक, मागं वळू नको म्हणणारा म्हातारा असं जे जे छापून आलं, त्यावर मी संपादकांना निषेधाची पत्रं पाठवलेली आहेत. 'वाचकांना अडाणी ठेवण्याचा धंदा' हे शब्द माझेच. एकही पत्र छापलं नाही. आता तीच बाई अनुभव लिहून पाठवतेय म्हटल्यावर ते मिशीतल्या मिशीत हसत असतील... हसू देत. गावोगाव फिरून मी लोकांना ओरडून सांगते की जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगा, मीठमसाला लावू नका आणि लपवूही नका. मग मला वेगळा नियम कशाला?

मी आणि माझा नवरा वसंत केडगावला पुणे रस्त्यापासून जरा आत एका खोलीत राहतो. (नवऱ्याचं नाव घेते. ज्यांना खटकतं त्यांनी पान उलटावं.) तो नगरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे, मी सकाळी बालवाडी घेते आणि उरलेला वेळ पत्रकं लिहिते, वाटते, भांडते. लग्न रजिस्टर केलं. वसंत बौद्ध, मी मराठ्याची. दोन हार आणि चहा, संपलं लग्न.

घरातल्या बहुतेक वस्तू आम्हीच केल्यात. पत्र्याच्या डब्याची भुशाची शेगडी, सायकलच्या ट्यूबचे पट्टे विणून केलेली खुर्ची, फळांच्या खोक्यांचं पुस्तकांचं कपाट. ते कपाट डावीकडं कलतं. वसंत म्हणतो, आतल्या पुस्तकांचा परिणाम.

त्याला एकदा जुन्या बाजारात एक जाड भिंग मिळालं. झालं, आठवडाभर तो घोंगड्या शिवत बसला. चार कळकाच्या काठ्या, त्यावर दोन काळ्या घोंगड्या, एका बाजूला भोक पाडून त्यात भिंग आणि आत समोर सासऱ्यांचं धुवट धोतर ताणून पडदा. आत शिरून मागचा पडदा खाली सोडला की मिट्ट काळोख. आणि मग त्या धोतरावर बाहेरचं सगळं दिसतं. फोटोसारखं नाही... हलतं, रंगीत! फक्त उलटं. डोकं खाली, पाय वर. आम्हाला पहिल्यांदा दिसली ती शेजारची म्हैस. आभाळाला पाय लावून निवांत रवंथ करत होती. मी हसता हसता घोंगडीच अंगावर ओढून घेतली.

यात जादू काही नाही. प्रकाश सरळ रेषेत चालतो. वरचा किरण भिंगातून खाली जातो, खालचा वर. शाळेत शिकवतात. रविवारी आम्ही हा तंबू एस.टी.च्या टपावर टाकून कुठल्या तरी गावाला जायचो. लोक आत यायचे, थक्क व्हायचे आणि मग मी बाहेर सांगायचे — बघा, तुम्हाला आत्ता चमत्कार वाटला ना? तो असा होतो. उद्या कुणी बुवा काही दाखवील तेव्हा हे भिंग आठवा.

आता नानांबद्दल. नाना म्हणजे माझे वडील. जामखेडच्या बाजूला आमचं गाव. नाव लिहीत नाही. माझं लग्न झाल्याचं कळलं तेव्हा नानांनी माझ्या नावानं आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात तशी, अंगणात, चार लोकांदेखत. मी तेव्हा ठणठणीत जिवंत, केडगावला शेगडीत भुसा ठासत होते! मी पाठवलेली पत्रं परत आली. दोन वर्षं मी त्या घरासाठी मेलेली होते. मी सगळ्यांना सांगायचे की मला काही वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी वसंतला म्हणाले, ''या रविवारी जामखेडकडं जाऊ. दुष्काळी कामावर माणसं जमलेली असतात.''

''कुठल्या गावाला?''

मी नाव सांगितलं. तो काठ्या बांधत होता, बांधतच राहिला.

''तुझे नाना येतील बघायला?''

''नानांसाठी जात नाही. लोकांसाठी जातेय.''

''बरं. मग ते नवं पातळ का काढलंस?''

मी उत्तर दिलं नाही. पण वाचकांना देते. मी नानांसाठीच चालले होते. त्यांनी एकदा त्या तंबूत यावं, आम्ही दोघांनी मिळून केलेलं पाहावं, मग हवं तर परत आंघोळ करावी.

गावाबाहेर ओढ्यापलीकडं पाझर तलावाचं काम चालू होतं. दुपारच्या सुट्टीत आम्ही तंबू उभा केला. भिंगाचं तोंड गावातून येणाऱ्या गाडीवाटेकडं. वाटेवर एक वठलेली बाभळ, बाकी नुसतं ऊन. रांग तंबूच्या मागच्या अंगाला, म्हणजे मधे कुणी येऊ नये. पहिली पाळी बायकांची लावली. त्यात आमच्या शेजारची हौसाकाकू निघाली. मला बघून तिनं डोक्यावरची पाटीच टाकली.

''अगं बया, सुमे! तू व्हय? आन ह्यो आमचा जावाय?'' तिनं वसंतला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ''वाळलेला हाय, पन बरा हाय.''

''दुष्काळ आहे ना काकू,'' वसंत म्हणाला.

''आमच्याकडं बी हाय की! मी काय वाळले का?''

सगळ्या हसल्या. मी हळूच विचारलं, ''काकू, नाना कसे आहेत?''

तिचं हसू गेलं. ''हायेत,'' म्हणाली आणि पदर सारखा करत दुसरीकडं बघायला लागली. मी समजले — राग अजून आहे. मीही पुढं विचारलं नाही.

आत मी, वसंत, हौसाकाकू आणि तिच्या बरोबरच्या दोघीजणी. मागचा पडदा सोडला. जरा वेळ डोळे सरावेपर्यंत नुसता काळोख, घोंगडीचा वास, बांगड्यांचा आवाज. मग धोतरावर गाडीवाट उमटली. वरून खाली लोंबणारी बाभळ. तळाशी पांढरंनिळं आभाळ.

''आगं, आभाळ सांडलं की खाली!'' एकजण म्हणाली.

तेवढ्यात वाटेच्या टोकाला कुणीतरी दिसलं. गावाकडून येत होतं. उलटं, वटवाघळासारखं, पण पावलं ठाम. पांढरा पटका, त्याचा शेमला पाठीवर. डावा खांदा जरा पुढं काढून चालायची ढब. ती ढब मी हजार माणसांत ओळखली असती. उलटी काय, कशीही!

आले. आले शेवटी. आता तंबूच्या दारात काय बोलायचं, पाया पडायचं की नाही, पडले तर ते मागं सरतील का... एवढं सगळं एका श्वासात मनात आलं.

हौसाकाकूनं माझं मनगट धरलं.

''सुमे... ह्यो नाना हाय.''

''हो ना काकू. आले बघा.''

''आगं, नाना कसा यील? दिवाळीपासनं त्याच्या अंगावरनं वारं गेलंय! कूस बदलाया दोन मानसं लागत्यात... तुला धसका बसंल म्हनून बोलले न्हाई मगाशी!''

मी घोंगडी उचलून बाहेर पळाले.

बाहेर ऊन. डोळे दिपले, मग दिसायला लागलं. गाडीवाट. बाभळ. बाभळीला पुढचे पाय लावून उभी एक शेळी. दुसरं कुणी नाही. वाट इतकी उघडी की ससा लपला नसता.

''कुणी नाही!'' मी ओरडले.

आतून वसंतचा आवाज आला. ''सुमन, थांब! आहेत. तुझ्यासमोरच आहेत.''

''कुठं?''

''डावीकडं... नाही, थांब, इथं उलटं दिसतंय... तुझ्या उजव्या हाताला! अगदी जवळ!''

मी उजवा हात लांब केला. हवा. तापलेली, कोरडी हवा. मला वसंतचा रागच आला. ही काय थट्टेची वेळ आहे?

''आता हलू नकोस,'' तो म्हणाला. हा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. आत बायका रडत होत्या. ''सुमन, त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवलाय.''

मी उभी राहिले. दिसत काही नव्हतं. स्पर्शही नाही. डोक्यावर ऊन होतं, एवढंच. तरी मी हलले नाही. का हलले नाही ते मला विचारू नका.

मग आतून वसंत हळूच म्हणाला, ''गेले.''

मागच्या रांगेतले लोक ओरडा ऐकून पुढं धावले होते. त्यांना विचारलं. त्यांना दिसलं ते असं — वाटेवर एकटी मी, खाली मान घालून उभी. वसंतनं तिथल्या तिथं भिंग काढलं, पुसलं, परत बसवलं. पडद्यावर बाभळ आणि शेळी. धोतर झटकलं, काठ्या हलवून पाहिल्या. बाभळ आणि शेळी. इकडं त्या दोघीजणी घोंगडीला हात जोडून उभ्या!

''घोंगडीच्या पाया पडू नका!'' मी खेकसले. ''हे भिंग आहे! काच!''

''बरं ताई,'' म्हणाल्या आणि परत नमस्कार केला.

मी तशीच घराकडं निघाले. बोलावणं नव्हतं. ज्या अंगणात माझ्या नावानं पाणी ओतलं होतं, ते ओलांडून दारात गेले. आई धान्य निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

''तू गावात कवा आलीस?'' म्हणजे तिला पत्ता नव्हता. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, ''पाय धू. आत ये.''

नाना बाजेवर. एका बाजूचं तोंड खाली ओढलेलं, डावा हात छातीवर ठेवून दिलेला. उंच, दांडगा माणूस, पण आता अंथरुणात मावून वर जागा उरावी इतका आटलेला. मला बघून त्यांनी घशातून काही काढलं. मला कळेना. आई वाकून ऐकू लागली.

''म्हनत्यात, बगून आलो तुला.''

''कुठं?''

परत घरघर. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. ''काळ्या घोंगडीत हुतीस म्हनं. डोकं खाली आन पाय वर.'' ती माझ्याकडं वळली. ''मगाशी झोपले हुते, उठले आन हेच चाललंय. आजारी मानूस, मनावर घिऊ नगंस.''

मी बाजेचा खूर धरून खाली बसले.

वाचकहो, नीट विचार करा. उलटं दिसतं ते आतल्याला, बाहेरचं. भिंगाबाहेर उभं राहिलेल्याला आतलं काहीच दिसत नाही, फक्त काळं भोक दिसतं. आणि नाना तर आत नव्हते, बाहेरही नव्हते! बाजेवर होते. तंबू त्याच दुपारी त्या गावात पहिल्यांदा उभा राहिला होता. माझ्या आधी ओढा ओलांडून कुणी घरी आलं नव्हतं. आईला मी आल्याचंच माहीत नव्हतं. मग माझं डोकं खाली असल्याचं त्यांना कुणी सांगितलं?

नानांनी उजवा हात दाराकडं हलवला. आईनं ऐकलं आणि दाराकडं बघत म्हणाली, ''म्हनत्यात, त्येला भाईर हुबा करू नगा.''

वसंत अंगणाच्या कडेला होता. खांद्यावर घोंगड्या, हातात काठ्या. आत येताना उंबऱ्याशी थांबला, चपला काढायला जितका वेळ लागतो त्याहून जरा जास्त. नानांनी पाणी मागितलं. आईनं तांब्या आणि चमचा आणला. नानांची हनुवटी वसंतकडं वळली. आईनं क्षणभर तांब्या धरून ठेवला आणि मग त्याच्या हातात दिला. वसंतनं चमच्यानं पाणी पाजलं. अर्धं ओघळून उशीवर गेलं. मी ज्या गोष्टीसाठी पत्रकांमागून पत्रकं लिहिली, सभांमधून घसा फोडला, ती गोष्ट माझ्यासमोर अशी चमच्याचमच्यानं होत होती. मी पदराच्या टोकानं उशी टिपत होते.

त्यानंतर मी जेवढं तपासता येईल तेवढं तपासलं. उन्हाची झळ? झळ पटका बांधत नाही. मनाचे खेळ? हौसाकाकूचे असतील, माझेही असतील. पण वसंतनं नानांना कधी पाहिलंच नव्हतं. फोटोसुद्धा नाही. आणि त्यानं मला पुढं काढलेला डावा खांदा चालून दाखवला. आम्ही त्याच वाटेवर, त्याच बाभळीसमोर पुन्हा तंबू लावला. शेळीसुद्धा आली. बाकी काही नाही. त्या जागी कुणी नारळ फोडतंय असं कानावर आलं तर मी स्वतः जाऊन नारळ खाऊन येईन, हे त्या गावकऱ्यांनी लक्षात ठेवावं.

नाना आहेत. आम्ही जमेल तसं एस.टी.नं जाऊन येतो. वसंतनं त्यांच्या बाजेला कप्पी आणि दोर बसवून दिलाय. तो ओढून ते आता स्वतः उठून बसतात. बोलणंही मला कळतं. मागच्या खेपेला मी न राहवून विचारलं, ''नाना, खरं सांगा, त्या दिवशी काय झालं?''

अर्ध्या तोंडानं हसले. ''मला काय इचारतीस? तूच म्हनतीस न्हवं, आसलं काय नसतं?''

नसतंच. मी अजूनही तेच सांगत फिरते आणि फिरणार. पण वसंतनं पाहिलं, हौसाकाकूनं पाहिलं, तिच्या बरोबरच्या दोघींनी पाहिलं, नानांनी तर काय पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. आणि ज्या एका माणसाच्या डोक्यावर हात ठेवला गेला, त्या मला काहीही दिसलं नाही. डोक्यावर फक्त ऊन होतं. केडगावला अंगणात कपडे वाळत घालताना तसंच ऊन लागतं, आणि मी बादली खाली ठेवून थोडा वेळ न हलता उभी राहते. याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही.