घोड्याच्या डोक्यातली सरकी

म्हशीने घोड्याचं डोकं ओढून घेतलं आणि चावून चावून गिळलं. मी दारात शेणाची पाटी घेऊन उभी. नातीचा रिकामा हात तसाच पुढे. ती रडली असती तर चाललं असतं. ती गप्प झाली, आणि आम्हाला त्याचीच भीती होती.

घोडा म्हणजे माझ्या मुलाचा जुना मोजा. नात चौथ्या वर्षात आली तरी घरात दोन शब्द बोलायची, परक्यांसमोर तेही नाही. बायका तोंडावर विचारायच्या, मुकी आहे का. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, हातात घालायची बाहुली करा. सगळे तिच्या तोंडाकडे बघतात म्हणून ती दबते, बाहुलीकडे बघतील तर बोलेल. मी चौथी शिकलेली, मला तो रिकामटेकडा उद्योग वाटला. पण मोजा होता, डोळ्यांना दोन बटणं होती, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत पोर बाजारातल्या घोड्यांपासून हलत नव्हती.

माझा घोडा मुद्दाम चुकायचा. भाकरीला दगड म्हणायचा, कोंबडीला म्हैस. चौथ्या दिवशी नातीला राहवेना, तिने त्याला सुधारलं. मग मोजा तिनेच हातात घातला आणि घोडा सुनेला हुकूम सोडू लागला, माझ्या म्हाताऱ्याला टोमणे मारू लागला. त्याला झोपवताना माझ्या जुन्या झंपरात गुंडाळून झंपराची बटणं लावायलाही शिकली. मोजा काढला की मात्र तोंड बंद.

चूक माझी. घोड्याच्या डोक्यात शेतातला कापूस सरकीसकट भरला. सरकी काढायचा कंटाळा केला. म्हशीला रोज सरकीच घालतो, ती कशाला सोडेल?

सून म्हणाली, दुसरा शिवा. मला आधी पोर काय करते ते बघायचं होतं. नातीने बोटं जुळवून हाताचंच तोंड केलं आणि म्हशीच्या नाकापुढे धरलं. घोडा म्हणाला, "मन्हं डोकं खाई टाकं तू. आते मी कसा खाऊ?"

संध्याकाळी म्हैस चारा खाईना, म्हणून गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. परका माणूस, त्यात बूट घातलेला. मला वाटलं, पोर माझ्यामागे लपेल. ती त्याच्यासमोर गेली, दोन्ही हात पाठीमागे.

"म्हैस मरी जाई का?"

तो म्हणाला, सांगता येत नाही. तिला ते पटलं नाही, तिने पुन्हा विचारलं.

तिसऱ्या दिवशी शेणात एक बटण सापडलं. दुसऱ्याचा पत्ता नाही. म्हैस जगली.