आत्याचं कोपर आणि तीन राज्यांचे परवाने

आमच्या घरात आधी मोडला तो बाचा पाय. बाकीचं त्याच्यामागून एकेक करत मोडलं.

बा मेंढरामागं चालणारा माणूस. गंगाखेडच्या गोदाकाठापासून बीदरकडच्या माळापर्यंत कळप चारत न्यायचा आणि फिरून माघारी आणायचा, हा आमचा पिढीजात धंदा. एका ओढ्यात त्याचा पाय दगडावरून सरकला आणि मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं. हाड बसवायला बाहेरचा माणूस बोलावणं आमच्यात कमीपणाचं. मेंढराचा पाय मोडला की वेळूच्या कामट्या लावायच्या, लोकरीच्या सुतानं आवळायचं आणि पुढच्या कातरणीला, म्हणजे लोकर कातरायच्या वेळी, सोडायचं, हा नियम. मेंढरू काही पडून राहत नाही. तीन पायांवर चरतं, सूत झिजतं, कामट्या ढिल्या होतात आणि कातरणीच्या कितीतरी आधी ते चौथा पाय टेकतं. माणूस मात्र शहाणा. तो पडून राहतो आणि सूत ढिलं झालं की पुन्हा आवळून घेतो. बानं पाच महिने आवळून घेतलं. कातरणीला सोडलं तेव्हा हाड पक्कं जुळलं होतं आणि गुडघ्याचं लाकूड झालं होतं.

ताठ गुडघ्याला कळप आवरत नाही. कळप विकला. आई मानवतला जिनात कापूस निवडायला जाऊ लागली. दोन वेळची भाकर एका वेळेवर आली. गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही, कारण अशी ताठ माणसं घरटी एक होती. कुणाचा पाय ताठ, कुणाचा हात. लोक त्याला दैव म्हणायचे. दैव कसलं? सूत होतं ते.

मला शिकवलं आत्यानं. बाची ही थोरली बहीण कमलनगरच्या बाजूला एका खेड्यात दिलेली, पोटी मूल नाही, लवकर रांडावलेली. तिनं मला उदगीरच्या शाळेत घातलं आणि दर आठवड्याला डोक्यावर पिठाचं गठुडं घेऊन यायची. पुढं मी हैदराबादच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालो. आमच्या कुळात पहिला. हे मी लाजत सांगत नाही. मग तिथल्याच मोठ्या दवाखान्यात दोन वर्षं राहून अवघडलेले सांधे मोकळे करण्याचा इलाज शिकलो. हैदराबाद सरकारची सनद मिळाली, उर्दूत लिहिलेली, शिक्क्याची. गावाला त्याचंही कौतुक नव्हतं. "येवढं शिकून चंपीवाला झाला बघा," असं पारावर बोलायचे, आणि बोलणाऱ्यांतल्या दोघांना खांद्यावर घोंगडी टाकता येत नव्हती.

त्या सनदेवर मी रेल्वेनं फिरायचो. इकडं परभणी, पूर्णा, चुडावा, तिकडं थेट निजामाबाद. दुसऱ्या फाट्यावर गंगाखेड, उदगीर, बीदर. बाजाराच्या दिवशी गावात उतरायचं, सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर बसायचं, हातपाय बघायचे. सगळं एकच राज्य, एकच कागद.

एकदा निजामाबादकडं अडीच महिने मुक्काम पडला आणि नेमकी तेव्हाच आत्या कडब्याच्या गंजीवरून पडली. उजवं कोपर मोडलं. मला निरोप देण्याऐवजी तिच्या सासरच्यांनी बाला बोलावलं. बा ताठ पाय ओढत गेला आणि त्यानं बहिणीचा हात सरळ धरून कामट्या बांधल्या, लोकरीच्या सुतानं. मी पोचलो तेव्हा हात वेळूसारखा सरळ होता. मी सूत कापायला घेतलं तसा बा ओरडला,

"आरं, कातरणी व्हायची हाय अजून!"

"बा, ती मेंढी न्हाई."

"हाड कुणी जोडलं? आमी जोडलं. तू नुसतं वाकवायलास."

सुताच्या एका गाठीसाठी स्वतःचा पाय घालवलेला माणूस त्याच गाठीची बाजू घेऊन भांडत होता. अडाणीपणाला अभिमान चिकटला की तो कामट्यांपेक्षा घट्ट बसतो.

आत्याचा हात तोंडापर्यंत पोचत नव्हता. तोंड आणि बोटं यांच्यात एक वीत अंतर उरायचं. डाव्या हातानं जेवायची लाज, म्हणून ती भिंतीकडं तोंड करून जेवायची. ज्या हातानं मला पीठ आणून दिलं, त्याच हाताला आता घास मिळत नव्हता. मी ठरवलं की हा हात तोंडाला लावायचाच.

कोपराशी जबरदस्ती केली की ते जास्तच आखडतं. शेक द्यायचा, आणि रोग्यानं आपणच थोडं थोडं वाकवायचं. दर आठवड्याला नवा व्यायाम द्यावा लागतो. खंड पडला की सांधा कमावलेलं परत घेतो. वीतभराचं अंतर चार बोटांवर आलं, आणि छप्पन साली आमचं राज्य मोडून त्याचे तीन तुकडे झाले. परभणी मुंबई राज्यात, निजामाबाद आंध्रात, बीदर आणि आत्याचं गाव म्हैसुरात. उदगीर अलीकडं, मुंबई राज्यातच राहिलं.

पुढच्या बाजाराला मी कमलनगरला उतरलो, तर दवाखान्याचा कंपाउंडर दारात उभा. हा माणूस सगळ्या दुखण्यांना एकाच बाटलीतलं लाल पाणी द्यायचा. माझी उर्दू सनद बघून म्हणाला, "मियाँ, तुमची सनद गेली निजामासोबत. आता म्हैसूर हाय. हितं हात लावला कुणाला, तर हवालदाराला बोलावीन." लाल पाण्याला परवाना लागत नव्हता, माझ्या हाताला लागत होता.

मग मी कचेऱ्या हिंडलो. परभणीत पुण्याकडून आलेला नवा कारकून होता. त्यानं माझी सनद उलटी धरली, मग आडवी धरली आणि म्हणाला, "हे आमच्याकडे चालत नाही. शुद्ध मराठीत किंवा इंग्रजीत आणा." मी म्हणालो, "साहेब, हाडं उर्दूत नसतात." तो हसलाही नाही. हैदराबादच्या कचेरीत कळलं की माझी फाईल मुंबईला पाठवली. मुंबईहून पत्र आलं की अशी फाईल आलेली नाही. म्हैसूरच्या कारकुनानं तर कमाल केली. त्यानं विचारलं, "तुमच्या घराण्याचं कायमचं राहण्याचं ठिकाण कोणतं?" मेंढपाळाच्या पोराला! आमचं मेंढरू गोदावरीवर पाणी पिऊन मांजरेवर चरायला जायचं, त्याला कुठल्या सरकारनं अडवलं नव्हतं. आणि ही खुर्चीला चिकटलेली माणसं, ज्यांना स्वतःचा गुडघा वाकवून जमिनीवर बसवत नव्हतं, ती मला सांधा कशाला म्हणतात ते विचारत होती.

या सगळ्यात चार महिने गेले. आत्याची चार बोटं सहा झाली.

तोड काढली आत्यानंच, तीही न शिकलेल्या आत्यानं. तिनं निरोप धाडला, "तुला इकडं येता येत न्हाई, तर मी तिकडं येते. मला कोन इचारतंय?" खरंच कुणी विचारलं नाही. सरकारांचा विचार इलाज करणारा कुठं जातो एवढ्यापुरताच चालला होता. दर आठवड्याला ती गाडीत बसायची आणि उदगीरला उतरायची. परभणीच्या कारकुनानं शेवटी दर सहा महिन्यांनी वाढवून घ्यायचा कच्चा परवाना दिला होता, तोही मुंबई राज्यापुरताच. उदगीर त्यात बसत होतं, तेवढं मला पुरे होतं. स्टेशनाशेजारच्या धर्मशाळेत मी तिचा हात शेकायचो.

बासुद्धा एकदोनदा गंगाखेडहून आला. पाय लांब करून भिंतीशी बसायचा आणि बहिणीचं वाकवणं मोजायचा. एकदा ती पाणी प्यायला उठली तेव्हा हळूच म्हणाला,

"माझं व्हतंय का रं?"

"न्हाई बा. लय वर्सं झाली."

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि ती परत बसली तसा पुन्हा मोजायला लागला. त्या दिवसापासून तो सुताच्या बाजूनं कधी भांडला नाही.

म्हैसूर सरकारनं अखेर परीक्षेला बंगळूरला बोलावलं. परीक्षक डॉक्टरांनी विचारलं, "मोडलेलं कोपर किती दिवस बांधून ठेवाल?" मी म्हणालो, "तीन आठवडे, आणि तेही वाकवून. आमच्या गावात कातरणीपर्यंत ठेवतात." त्यांना कातरणी समजावून सांगावी लागली. ऐकून ते म्हणाले, "मोठ्या दवाखान्यांतही या कातरणीहून फार वेगळं करत नाहीत." सगळ्या कचेऱ्यांच्या फेऱ्यांत कानावर पडलेलं शहाणपणाचं वाक्य हे एकच. परीक्षा पास झालो, तरी म्हैसूरचा परवाना आला सगळ्यांत शेवटी. आंध्राचा कागद त्यानंतर वर्षानं टपालानं आला, सोबत माफीचा एक शब्द नाही. मुंबईचा पक्का परवाना हाती पडला, तोवर मुंबई राज्यच मोडलं आणि महाराष्ट्रासाठी मला पुन्हा अर्ज करायला लावला. मी केला. या लोकांचं काम संपत नाही, कारण ते सुरूच होत नाही.

साठ सालाच्या अखेरीला माझ्याकडं महाराष्ट्र, म्हैसूर आणि आंध्र अशा तीन राज्यांचे तीन परवाने होते. कमलनगरच्या दवाखान्याच्या ओसरीवर मी पुन्हा बसू लागलो. पहिल्या बाजाराला दुपारी आत्या भाकर घेऊन आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि उजव्या हातानं जेवली.