सत्तारभाईंचं बोलणारं टेबल

तळेगाव ढमढेऱ्यात सत्तारभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भाई पुढं बसून गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचे आणि पडद्यामागं त्यांच्या बायको रशिदाभाभी तुटलेल्या तारांना कथलाचे डाग द्यायच्या. आत कोण काम करतं याची आम्हा बाजारबुणग्यांना पक्की खबर असायची. चहा पिऊन वाहवा मात्र आम्ही भाईंचीच करायचो.

अठ्ठ्याण्णव साली भाईंनी पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगारातलं एक लोखंडी टेबल आणलं. कुठल्याशा रेडिओ केंद्रातलं. निवेदक माईकवर बोलला की आवाज आधी या टेबलात यायचा, तिथल्या बटणांनी लहानमोठा व्हायचा आणि मग पुढं जायचा. दोघं दीड वर्ष त्याच्याशी झुंजली, तेव्हा कुठं ते कधी बोलायला लागलं, तर कधी मुकं.

पुढं दौंडात जुन्या रेडिओंच्या शौकिनांनी प्रदर्शन मांडलं. त्यांचे पुण्याचे साहेब टेबल बघून गेले. म्हणाले, जरूर आणा, पण पुढं 'बंद, केवळ पाहण्यासाठी' अशी चिठ्ठी लावू. भाईंना ते झोंबलं. टेबल सगळ्यांसमोर बोलतं करीन, न्हाईतर दुकानाची पाटी उतरवीन, असं भर बाजारात बोलून बसले.

पोपटराव बागायतदारांनी हौसेनं ट्रॅक्टर दिला आणि भाई, भाभी, मी, सगळे टेबलासोबत निघालो. माणूस दिलदार, पण यंत्र दिसलं की नारळ फोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घरच्या मिक्सरलाही सोडलं नव्हतं. दौंडच्या हॉलात टेबल उतरलं, भाई वायर आणायला गेले आणि इकडं पोपटरावांनी नारळ टेबलाच्या कोपऱ्यावरच हाणला. पाणी जाळीतून सरळ आत. उद्घाटनाला राहिला होता दीड तास.

भाई आले, बघितलं आणि हातातली वायर तिथंच टाकली.

"भाई, देवाचं पाणी हाय," पोपटराव करवंट्या लपवत म्हणाले.

"देवाचं असलं तरी गोड हाय, आप्पा. चिकटतंय ते," भाभी म्हणाल्या. "स्पिरीट आणा. आन् शेजारच्या हॉटेलातनं तापलेला तवा."

पोपटराव पळाले. भाईंनी स्क्रू काढले, भाभींनी आतला एकेक भाग स्पिरीटनं पुसला, मग तान्ह्या पोराच्या छातीला शेक द्यावा तसं तव्यावर तापवलेल्या फडक्यानं सगळं कोरडं केलं. झाकण बसलं तेव्हा पाहुणे खुर्च्यांवर होते.

भाईंनी बटण दाबलं. जाळीतून दिसणारे काचेचे व्हॉल्व्ह बल्बसारखे हळूहळू लाल झाले. माईक तोंडाशी धरला, पण जन्मभर गप्पा मारलेल्या माणसाचा घसा आयत्या वेळी बसला. त्यांनी माईक भाभींपुढं केला.

"तळेगावची रशिदा बोलतीय. ज्यांनी ह्याला बंद म्हणलं, त्यांना ऐकू येतंय का?"

टेबलावरचा आवाज मोजणारा काटा उसळला, जोडलेला भोंगा खणखणीत वाजला. सगळ्यात आधी हसले ते पुण्याचे साहेब. त्यांनी स्वतः नवी चिठ्ठी लिहिली: 'चालू. दुरुस्ती: सत्तार, तळेगाव ढमढेरे.'

भाईंनी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली 'रशिदा' लिहायला लागले. मी म्हटलं, भाई, जरा ठळक काढा, मागच्यांना दिसत नाही. त्यांनी काढलं. स्वतःच्या नावाच्या दुप्पट.